लोण म्हणा, ‘लोन’ नको

या आठवड्याचं पत्र एका क्रीडाशिक्षिकेचं आहे. पत्र मोठं होतं, थोडं कापून देतो.

“सर, मी पूर्व नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. वय २९. विद्यापीठापर्यंत कबड्डी खेळले, मग गुडघा गेला, मग बी.पी.एड. केलं. शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे पहिली तीन वर्षं ठरावीक मानधनावर, लागले, ती पूर्ण व्हायला सात महिने राहिलेत. चार वर्षांपासून संध्याकाळी कबड्डीच्या सामन्यांना माईकवर असते. आता एका ऑनलाइन प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीने पुण्यातल्या तीन महिन्यांच्या स्पर्धेसाठी बोलावलं आहे. दर महिन्याला माझ्या मानधनाच्या तिप्पट. शाळा एवढी रजा देणार नाही, म्हणजे राजीनामाच द्यावा लागेल. नवरा म्हणतो, ‘तू ठरव.’ सासूबाई म्हणतात, ‘नोकरी सोडली तर मले विचारू नको.’ कंपनीवाले म्हणतात, भाषा जरा न्यूट्रल करा, नागपुरी फार जाणवते. आणि परवा मुख्याध्यापक स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, ‘मॅडम, तुमचा जोडधंदा कोणता, माईक का शाळा?’ तुम्ही तीस वर्षं शाळाही केली आणि रेडिओवर समालोचनही केलं. काय करू?”

ताई, तुम्ही खेळाडू आहात, तुम्हाला गुणफलक आधी लागतो. तेव्हा उत्तर आधी सांगतो. राजीनामा देऊ नका. हे तीन महिने जाऊ द्या. सात महिन्यांनी हाच प्रश्न पुन्हा विचारलात तर कदाचित मी वेगळं सांगेन.

आता हिशेब. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला आज १८,००० मिळतात (२०२३ च्या आधी ८,००० होते, ते आठवलं की अजूनही राग येतो). तिप्पट म्हणजे ५४,०००, तीन महिन्यांचे १,६२,०००. नऊ महिन्यांचं मानधन तीन महिन्यांत. आकडा छान दिसतो, मलाही दिसला. त्यातून दहा टक्के टीडीएस कापला जाईल, तो पुढे परत मिळेलही, पण हातात १,४५,८०० येतील. पुण्यात राहणं-खाणं कोणाचं, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. विचारलंत का? नसेल तर आजच विचारा, आणि तोंडी उत्तर घेऊ नका, ई-मेलवर घ्या.

दुसरी बाजू अशी. तीन वर्षं समाधानकारक झाली की तुम्ही नियमित वेतनश्रेणीत जाता, मूळ वेतनच ३८,६०० पासून सुरू. आत्ता सोडलंत तर ही सगळी सेवा पाण्यात. परत यायचं म्हटलं तर पुन्हा टेट ही शिक्षकभरतीची परीक्षा, पुन्हा भरतीचं पवित्र पोर्टल, पुन्हा तीन वर्षं, आणि तीही क्रीडाशिक्षकाची जागा निघाली तर. बी.पी.एड. करून घरी बसलेली किती पोट्टे-पोट्टी तुमच्या ओळखीत आहेत, मोजून पाहा. सासूबाईंचं बोलणं कडू आहे, पण त्यांचं गणित पक्कं आहे.

इथवर कोणीही सांगितलं असतं. तुम्ही मला लिहिलंत ते मी दोन्ही केलं म्हणून, तर त्यातलं सांगतो.

माझं पहिलं समालोचन आकाशवाणीवर झालं नाही. ते झालं ३१ ऑक्टोबर १९८७ ला, सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए मैदानावर, उन्हातल्या बाकावर. विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड सामना. मी २६ वर्षांचा, भूगोलाचा नवा मास्तर. शेजारी एक म्हातारे आजोबा होते, धोतर-टोपी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नातवानं आणून बसवलं होतं आणि तो चण्याच्या मागे कुठेतरी गायब झाला होता. आजोबा दर चेंडूला मला विचारत, काय झालं? मी सांगत होतो, जमेल तसं. मग चेतन शर्मानं लागोपाठ तीन चेंडूंवर तिघांच्या दांड्या उडवल्या. रदरफोर्ड, स्मिथ, चॅटफिल्ड. विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक. अख्खं मैदान उभं राहिलं, मीही राहिलो, आणि तीनही वेळा माझ्या तोंडातून एकच शब्द निघाला, “गेला!” आजोबांनी माझी बाही ओढली. म्हणाले, “कोन गेला ते त सांग ना बाप्पा!”

दुपारी गावसकरनं नाबाद १०३ काढले. त्याच्या १०८ एकदिवसीय सामन्यांतलं ते एकमेव शतक, आणि ते आपल्या गावात. पण त्या दिवसाचं मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते बाहीला बसलेला तो हिसका. पुढे आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावर स्वरचाचणी दिली, पास झालो, आणि माईकसमोर बसलो की तो हिसका बाहीला जाणवायचा. कोण गेला, किती गुण, किती वेळ उरला. ज्याला दिसत नाही त्याला पहिली भूक याची असते.

हे मला वर्गानं पक्कं करून दिलं. ज्या पोरांनी सातपुडा पाहिलेला नाही त्यांना फळ्यासमोर उभं राहून सातपुडा दाखवायचा, हेच तर रेडिओवर करायचं असतं. मागच्या बाकावरचा पोरगा जांभई देऊ लागला की कळतं, आपलं वाक्य लांबलं. स्टुडिओत किंवा मैदानाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर जांभई दिसत नाही. माझी एक सवय सांगतो. क्रिकेटच्या सामन्याला जाताना शाळेतून खडूचे सहा तुकडे घेऊन जायचो. षटक सुरू झालं की सगळे डाव्या मुठीत, दर चेंडूला एक तुकडा टेबलावर. मूठ रिकामी झाली की धावफलक सांगायचा, मग मैदानात आकाश का कोसळेना. घरी गेलो की बायको पँटचा पांढरा खिसा पाहून म्हणायची, “आज शाळा होती का मॅच?” बरेचदा दोन्ही असायचं.

आणि दोन्ही करणारा मी काही एकटा नाही. हिंदी समालोचनातलं मोठं नाव रवी चतुर्वेदी, ते दिल्लीच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायचे. २०१२ ला पद्मश्री मिळाली त्यांना. प्रा. दि. ब. देवधर पुण्याच्या एस.पी. कॉलेजात संस्कृत शिकवत आणि महाराष्ट्राकडून क्रिकेट खेळत. आपल्याच हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे, पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरं पाहून झोपडपट्टीतल्या मुलांचं फुटबॉल उभं करणारे, नोकरीत असतानाच त्या कामाला लागले. तेव्हा मुख्याध्यापकांच्या ‘जोडधंदा’ शब्दानं एवढं हिरमुसायचं कारण नाही.

पण त्यांच्याकडे एक कागद मात्र मागा. आतापर्यंत चार वर्षं तुम्ही माईकवर उभ्या आहात, कुठे पाकीट मिळालं असेल, कुठे शाल-श्रीफळ. खाजगी अनुदानित शाळेला १९८१ ची सेवाशर्तींची नियमावली लागू आहे. मानधन घेऊन बाहेरचं काम करायचं तर संस्थेची लेखी परवानगी हवी. तुम्ही शिक्षणसेवक आहात, तुमचं काम समाधानकारक की नाही हे तेच लिहून देणार आहेत. एक साधा अर्ज द्या, शाळेची वेळ सोडून, वर्षातले अमुक दिवस, अमुक प्रकारचं काम. परवानगी मिळाली तर स्टाफरूममधला टोमणा आपोआप थंड होतो. मी ही अक्कल उशिरा शिकलो. माझ्या एका मुख्याध्यापकांनी माझ्या रेडिओच्या मानधनाची चौकशी लावली होती. चार महिने कागद फिरले. निघालं काही नाही, पण त्या चार महिन्यांत मी एकही सामना केला नाही, आणि त्याच हंगामात माझ्या जागी आलेला मुलगा पुढे कायम झाला. चांगला होता बोलायला. अजून भेटतो, चहा पाजतो.

आता भाषेचं, कारण पत्रात मला खरी जखम तिथे दिसली.

कंपनीवाल्यांचं अर्धं बरोबर आहे आणि अर्धं निव्वळ आगाऊपणा. बरोबर अर्धं आधी घेऊ. तुम्ही पाठवलेलं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग मी दोनदा ऐकलं. त्यात तुम्ही सहा वेळा ‘लोण’ म्हणालात, त्यातले पाच ‘लोन’ होते. आपल्याकडे ण चा न होतो, पानी, लोनी, कोन, त्यात लाज कसली. पण कोल्हापूरचा प्रेक्षक ‘दुसरा लोन झाला’ ऐकतो तेव्हा त्याला बँक आठवते. समोरचा अख्खा संघ बाद केला की लोण, कबड्डीच्या सगळ्या खेळात दोन जादा गुणांचा हा एक शब्द, तोच तुमच्या तोंडून वेगळा निघतो. ण साठी जीभ मागे वळवायची सवय करा. मी भांडी घासताना करायचो. बाण, कोण, लोण, वेण्णा, कण्हेर. पंधरा दिवसांत बसतं.

दुसरं, ‘करून राहिली’. मला आपलं हे क्रियापद फार आवडतं, त्यात एक निवांतपणा आहे. नेमका तोच नडतो. चढाई तीस सेकंदांची. “ती डाव्या कोपऱ्याकडे सरकून राहिली आहे” एवढं म्हणेपर्यंत ती पोरगी बाद होऊन मैदानाबाहेर पाणी पिऊन राहिली असते. इथे ‘सरकतेय’ म्हणा. लहान आहे, म्हणून.

उरलेलं अर्धं मात्र सोडू नका. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये एका चढाईत तुम्ही म्हणालात, “निदानरेषा ओलांडली, आता घाई कायची, बोनस पाहा त जरा!” (निदानरेषा म्हणजे चढाई करणारीनं ओलांडायलाच हवी ती रेषा, बोनसची त्याच्या पुढे.) तिथे मी हसलो. बाजूला माझा नातू होता, त्यानं मोबाईलवरून मान वर केली. हा सूर तुम्हाला पुण्यात कोणी शिकवणार नाही, तिथे जाऊन तुम्ही तो विसरू मात्र शकता. रेडिओवर मराठी समालोचन रुजवणाऱ्यांत बाळ ज. पंडितांचं नाव आधी घेतात. त्यांची मराठी पुण्याची होती आणि तशीच वाजायची, त्यांना कोणी न्यूट्रल व्हायला सांगितलं नाही. इंदूरच्या सुशील दोशींची हिंदी घ्या. आज होळकर स्टेडियममधल्या समालोचन कक्षाला त्यांचं नाव आहे. स्पष्ट बोला, सगळ्यांना कळेल असं बोला, पण बोलणारी बाई नागपूरची आहे हे लपवू नका. ‘न्यूट्रल’ मराठी बोलणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. आपापलं गाव लपवलेले मात्र बरेच भेटले.

मी स्वतः लपवलं होतं, हेही सांगून टाकतो. पहिली चार-पाच वर्षं मी पुणेरी सुरात बोलायचो. पोरं वर्गात माझी नक्कल करायची, शाळेतला आवाज वेगळा आणि रेडिओतला वेगळा. एक दिवस सहावीतल्या एकीनं विचारलं, “सर, ते रेडिओवर तुमचे भाऊ असतात का?” त्या संध्याकाळपासून सोडलं.

अजून एक गोष्ट रेकॉर्डिंगमधून. सातव्या मिनिटाला, दोन चढाया कोऱ्या गेल्यावरची तिसरी चढाई, करो या मरो, आणि तुम्ही म्हणता, “आताच आपल्यात आगमन झालेलं आहे आपल्या प्रभागाचे लाडके…” आणि पुढे चार नावं. तेवढ्यात पकड झाली. कोणी केली ते तुम्हाला कळलं नाही, मला तर नाहीच. मला ठाऊक आहे, मंडळाचा माणूस चिठ्ठी घेऊन कानाशी उभा असतो. नागपुरात माईक हातात घेतलेल्या प्रत्येकानं ती चिठ्ठी खाल्लेली आहे. उपाय एकच. सामन्याच्या आधी आयोजकांना सांगायचं, नावं मध्यंतरात, सगळी, पदांसकट, हवं तर दोनदा. चढाई चालू असताना एकही नाही. पहिल्या वेळी रागावतात. मग त्यांनाही पटतं, कारण मध्यंतरात लोक नाव ऐकतात तरी.

घशाची काळजी घ्या. दिवसा मैदानात शिट्टी आणि आरडाओरडा, संध्याकाळी तीन सामने, हे चार वर्षं चाललंय म्हणता. शिक्षकांना स्वरयंत्रावर गाठी यायचं प्रमाण उगीच जास्त नसतं. आवाज पंधरा दिवसांच्या वर बसलेला राहिला तर हळद-दुधावर थांबू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. आणि माईकवर ओरडू नका, आवाज मोठा करायला तर माईक दिलाय.

माझी खंत विचाराल, आणि विचारावीच. नव्वदीच्या दशकात मला मुंबईला यायचं एक बोलावणं आलं होतं. नव्या वाहिन्या निघत होत्या, मराठीत बोलणारे हवे होते. मी गेलो नाही. वडील अंथरुणाला होते, दहावीचा वर्ग होता, आणि खरं सांगायचं तर भीती होती. पुढे टीव्हीवर दुसऱ्यांचे आवाज ऐकताना कधीकधी रिमोटनं आवाज बंद करून मी स्वतःच बोललोय, घरात कोणी नसताना. खंत नाही असं लिहिलं तर तुम्ही ओळखाल. पण २०१९ च्या फेब्रुवारीत, निवृत्तीच्या वर्षी, जामठ्याच्या मैदानात बसून विदर्भानं सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून सलग दुसरी रणजी जिंकताना पाहिलं. आदित्य सरवटेनं ११ बळी घेतले, पुजाराला दोन्ही डावांत त्यानंच काढलं, एकदा १ वर, एकदा शून्यावर. मागून कोणीतरी ओरडलं, “सर, कोन गेला ते त सांगा!” वळून पाहिलं तर माझा जुना विद्यार्थी, टक्कल पडलेलं. ती मोतीबिंदूवाल्या आजोबांची गोष्ट मी वर्गात दर वर्षी सांगायचो. अशी हाक मला मुंबईत मिळाली असती का, माहीत नाही. तराजूत टाकून पाहिलं नाही.

तुमची वेळ मात्र माझ्यापेक्षा बरी आहे, म्हणूनच थांबा म्हणतो. माझ्या काळी एक खिडकी होती. ती बंद तर सगळं बंद. आता आयपीएलसुद्धा मराठीत ऐकायला मिळते. गल्लीतली स्पर्धा मोबाईलवर प्रक्षेपित होते. विदर्भानं २०२४-२५ ला तिसऱ्यांदा रणजी उचलली, २०२५ ला आपली दिव्या देशमुख बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून आली. या गावातून बोलण्यासारखं इतकं कधीच नव्हतं. आणि त्यात कबड्डी स्वतः खेळलेली, गुडघा फोडून घेतलेली बाई माईकवर किती आहेत? मला तुमच्याशिवाय एक आठवते. कंपनी पुन्हा विचारेल. ही नाही तर दुसरी.

तेव्हा कंपनीला नकार देऊ नका, तारीख द्या. लिहा की अमुक महिन्यानंतर मी मोकळी आहे, तोवर शनिवार-रविवारचे सामने नागपुरातून किंवा जवळून करू शकते. दिवाळीच्या सुट्टीत येऊ शकते. करारात ‘दुसरीकडे बोलायचं नाही’ असं कलम असेल तर किती महिने ते पाहा. नियमित झाल्यावर बिनपगारी रजेचा अर्ज करता येतो. मिळेलच असं नाही, पण तेव्हा मागायला पायाखाली जमीन असेल. आणि त्या वेळी शाळा नकोशीच वाटत असेल तर तेही बघू. तुमच्या पत्रात माईकवर अडीच पानं आहेत आणि शाळेवर चार ओळी, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. त्यावर मी आज काही बोलत नाही, कारण तुम्ही विचारलेलं नाही.

तोवर हे करा. पुढच्या शनिवारच्या सामन्याआधी अर्धा तास लवकर जा, दोन्ही संघांच्या पोरींना भेटा, प्रत्येकीचं नाव कसं उच्चारायचं आणि गाव कोणतं ते वहीत लिहा. काटोलची कोण, उमरेडची कोण, हे बोललात की तिच्या घरचे तो व्हिडिओ चार वेळा पाहतात. सामना रेकॉर्ड करा. रात्री ऐकताना ‘जबरदस्त’ किती वेळा म्हणालात ते मोजा (परवाच्या दहा मिनिटांत १४). मग पहिली दहा मिनिटं मला पाठवा, पाहुण्यांची नावं कापून.